चहा न घेणारा पाहुणा

जपानी घरात परका माणूस येऊन टेकला की त्याच्यापुढे हिरव्या चहाचा पेला येतो. घेणार का, असं विचारत बसायची पद्धत नाही, चहा येतोच. अमेरिकेतल्या युटा राज्यातून धर्मप्रचाराला आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मॉर्मन मुलगा नेमका इथे अडतो. त्याच्या पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य. नियम १८३३ सालचा, पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी घालून दिलेला. तेव्हा जपानची दारं जगाला बंद होती, त्यामुळे तिथल्या यजमानिणीचा विचार स्मिथ यांनी करावा अशी अपेक्षा नाही. पण नियम तो नियम. मुलगा ओशाळतो, मोडक्यातोडक्या जपानीत सांगतो की मला चालत नाही. बरोबरचा जोडीदार मुरलेला असेल तर तो मुगिचाचं नाव काढतो. मुगिचा म्हणजे भाजलेल्या जवाचं पाणी. त्यात चहाची पत्ती नसते, म्हणून ते चालतं. यजमानीण पुन्हा आत जाते. एवढं होईपर्यंत धर्माचा एक शब्दही निघालेला नसतो.

या मुलांविषयी वाचताना माझं मन त्यांच्या धर्मग्रंथापेक्षा या पेल्यापाशीच घुटमळतं. दारात उभं राहणाऱ्या तरुण मुलाचं आपल्या मनातलं चित्र माधुकरीचं आहे. पंचा नेसलेला विद्यार्थी चार घरी उभा राहायचा, मिळेल ते घ्यायचा आणि शिकायचा. तो घ्यायला आलेला असायचा, त्यामुळे घरातल्या बाईचा हात वर आणि त्याचा खाली, हे दोघांनाही ठाऊक असायचं. मॉर्मन मुलगाही तसाच दारोदार फिरतो, तसाच नाही ऐकून पुढे जातो. फक्त तो द्यायला आलेला असतो. त्याच्या समजुतीप्रमाणे जगातली सर्वांत मोलाची गोष्ट तो फुकट वाटतोय, आणि समोरचा माणूस देत असलेला साधा पेला मात्र त्याला घेता येत नाही.

ही मुलं कोण असतात, ते थोडक्यात सांगायला हवं. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या चर्चचं ठाणं आता सॉल्ट लेक सिटीत आहे. तरुण मुलांनी दोन वर्षं आणि इच्छा असलेल्या मुलींनी दीड वर्ष प्रचारासाठी द्यायचं, अशी तिथली रीत. २०१२ साली मुलांचं किमान वय १९ वरून १८ आणि मुलींचं २१ वरून १९ केलं गेलं, तेव्हा मुलींची संख्या एकदम वाढली. आज जगभर सत्तर हजारांहून जास्त तरुण या कामावर आहेत. पगार नाही. उलट खर्च घरच्यांनी किंवा स्वतःच्या साठवणीतून करायचा. अमेरिकेतल्या मुलांसाठी तो २०२० पासून महिन्याला पाचशे डॉलर ठरलेला आहे. कुठे जायचं, ते चर्च ठरवतं. अर्जात देश मागता येत नाही. कुणाला ब्राझील येतं, कुणाला फिनलंड, कुणाला घरापासून चार तासांवरचं आयडाहो. मग युटातल्या प्रोव्हो इथल्या केंद्रात काही आठवडे भाषा घोटायची आणि विमानात बसायचं.

तिथे गेल्यावर साधारण साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे मालवायचे. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही. जोडीदार चर्चनं दिलेला. काही महिन्यांनी तोही बदलतो. या जोडीदाराला दिवसभर नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा तर पक्का नियम. २०१९ च्या सुरुवातीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. आता आठवड्याला करता येतो. आपल्याकडून एम. एस. करायला गेलेला मुलगा कुकरच्या शिट्या किती, हे विचारायला पुण्याला व्हिडिओ कॉल लावतो. अशा मुलांच्या आयांना हा जुना नियम वाचून दाखवावा, असा एक दुष्ट विचार मनात येऊन गेला.

जपानशी या पंथाचा संबंध १९०१ चा. १२ ऑगस्टला योकोहामाच्या बंदरात चार जण उतरले. म्होरके हीबर ग्रँट, वय ४४, पंथाच्या बारा प्रमुखांपैकी एक. सगळ्यांत लहान आल्मा टेलर, त्याला एकोणीस पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. ज्या बोटीनं ते आले तिचं नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. आल्या आल्या वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, पण तो बहुपत्नीत्वाचा. चर्चनं १८९० सालीच ती प्रथा सोडल्याचं जाहीर केलं होतं, तरी खुद्द ग्रँट यांचे तीन विवाह झालेले, त्यामुळे वार्ताहरांना खाद्य भरपूर. मॉर्मन आहेत हे कळल्यावर त्यांना खोली मिळायचीही पंचाईत झाली.

ग्रँट यांना जपानी भाषा शेवटपर्यंत वश झाली नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पहिला बाप्तिस्मा झाला, तो पूर्वी शिंतो पुरोहित असलेल्या नाकाझावा नावाच्या गृहस्थाचा. त्यानंतर रांग लागेल अशी आशा असावी. लागली नाही. १९०३ साली ग्रँट परत गेले. टेलर राहिला, आणि राहिला तो थेट जानेवारी १९१० पर्यंत. एकोणिसाव्या वर्षी आलेला मुलगा सत्तावीस वर्षांचा होऊन बाहेर पडला. मधल्या काळात, तेविसाव्या वर्षाच्या आतच, तिथल्या सगळ्या कामाचा तो प्रमुखही झाला होता.

त्याच्यावर सोपवलेलं मोठं काम म्हणजे 'बुक ऑफ मॉर्मन' या पंथाच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर. १९०४ मध्ये तो कामाला बसला, आणि पुस्तक छापून झालं १९०९ च्या ऑक्टोबरात. मेजी काळाच्या अखेरीचं ते जपान डोळ्यांसमोर आणा. कोणत्या भाषेत लिहायचं यावर त्या वेळी तिथल्या साहित्यिकांतच रण माजलेलं. बोली जवळ करायची की जुनी ग्रंथभाषा धरून ठेवायची? चार-पाच वर्षांपूर्वी 'नमस्कार' म्हणायला शिकलेल्या एका अमेरिकन पोरानं या वादात आपल्या पवित्र ग्रंथासाठी बाजू निवडायची होती. त्याला जपानी मित्रांनी सांगितलं की धर्मग्रंथाला बोली शोभणार नाही; शेवटी पुस्तक ग्रंथभाषेत निघालं. मजकूर तपासून देणारा जाणकार शोधत तो नात्सुमे सोसेकींच्या दारात गेला. सोसेकी म्हणजे त्या पिढीचे मोठे कादंबरीकार, 'मी एक मांजर' लिहून नुकतेच घरोघरी पोहोचलेले. सोसेकींनी नाही म्हटलं, पण माणूस सुचवला, इकुता चोको. तरुण समीक्षक, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक. इकुतानं तो सगळा ग्रंथ सफाईदार जपानीत बसवून दिला, आणि १९११ साली त्याच इकुताच्या हातून नीत्शेचा 'झरतुष्ट्र' जपानीत आला. ईश्वर मेला असं सांगणारं पुस्तक आणि ईश्वर अमेरिकेत बोलला असं सांगणारं पुस्तक, दोन्हींच्या जपानी वाक्यांना एकाच माणसाचा हात लागलेला.

टेलरनं त्या वर्षांत किती जणांना पंथात आणलं, हे विचारलं तर उत्तर फार बरं नाही. १९०१ ते १९२४ या तेवीस वर्षांत जपानमध्ये ८८ प्रचारक येऊन गेले आणि बाप्तिस्मे झाले १६६. माणशी दोनही नाहीत. १९२३ चा भूकंप झाला, अमेरिकेनं १९२४ च्या कायद्यानं जपान्यांना देशात येणं बंद केलं आणि टोकियोत अमेरिकी माणसाकडे बघण्याची नजर बदलली. त्या वर्षी चर्चनं जपानचं काम बंद केलं. बंद करणारे अध्यक्ष होते हीबर ग्रँट, ज्यांनी ते सुरू केलं होतं. मागे राहिलेल्या मूठभर जपानी सभासदांना फुजिया नारा नावाच्या सभासदानं पत्रांतून, पत्रिकेतून धरून ठेवलं. काम पुन्हा सुरू झालं ते महायुद्धानंतर, १९४८ मध्ये. १९८० साली टोकियोत आशियातलं पहिलं मॉर्मन मंदिर झालं. टेलरचं ग्रंथभाषेतलं भाषांतर तोवर मागे पडलं होतं. १९५७ मध्ये दुसऱ्यानं नव्या भाषेत पुन्हा केलं.

आकड्यांचा उल्लेख केला, कारण पंथाला आकडे हवे असतात आणि मुलांवर त्याचं ओझं येतं. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये या ओझ्यानं फार कुरूप रूप घेतलं. बेसबॉल खेळायला या, म्हणून शाळकरी पोरं गोळा करायची आणि खेळाच्या ओघात त्यांना बाप्तिस्मा देऊन टाकायचा, असे प्रकार झाले. कित्येक पोरांना आपण नेमके कशात भरती झालो हेही कळलं नव्हतं. चर्चला नंतर ती नावं निस्तरावी लागली. बाप्तिस्मा देणारेही विशीच्या आतबाहेरचे होते. वरून संख्या मागणारे मोठे होते.

त्याहून जड गोष्ट पुढची. जून १९७८ पर्यंत या चर्चमध्ये आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य मिळत नसे, जे इतर सर्व पुरुष सभासदांना सहज मिळतं. ब्राझीलसारख्या मिसळलेल्या देशात गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मग ज्या घरात जेवला त्याच घराच्या पूर्वजांची चौकशी करावी लागे. त्या मुलानं नियम केलेला नव्हता. पण दारात उभा तोच होता, आणि घरच्यांच्या डोळ्यांत बघून बोलायचं होतं त्यालाच. विशीतल्या माणसाकडून एवढं करून घ्यावं का, असा प्रश्न मला पडतो, आणि त्याला पंथाच्या बाजूनं समाधानकारक उत्तर मला सुचत नाही.

मराठी माणूस हे सगळं कोऱ्या मनानं वाचू शकत नाही. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. पुढची चार-पाच वर्षं त्या कशा जगल्या ते 'स्मृतिचित्रे'त आहे. धर्म बदलणारा एकटा असतो, किंमत घर मोजतं, हे त्या पुस्तकानं आपल्याला शिकवलं. त्यामुळे नाकाझावाविषयी वाचताना माझी नजर त्याच्या घरच्यांना शोधत राहते. त्यांच्याविषयी प्रचारकांच्या नोंदी फारशा बोलत नाहीत. नोंद करणाऱ्याला बाप्तिस्म्याची तारीख महत्त्वाची वाटते.

मॉर्मनांचा पाय आपल्याकडेही लागून गेला आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईला आला. वर्तमानपत्रांनी झोडपलं, लष्करी अधिकाऱ्यांनी गोऱ्या सोजिरांमध्ये फिरकू दिलं नाही, म्हणून तो पुण्याला गेला. पुण्यात एक लहानशी शाखा उभी राहिली, तीही मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मंडळींची. पुण्याच्या पेठांनी त्याची दखल घेतल्याचं काही दिसत नाही, आणि पेशवाई जाऊन जेमतेम पस्तीस वर्षं झालेल्या त्या गावाला दखल घेण्याजोगे इतर उद्योग पुष्कळ होते. १८५५ पर्यंत फिंडले निघून गेला.

आता दुसरी बाजू. ही मुलं घरी परततात तेव्हा त्यांच्याजवळ काय असतं? मिट रॉम्नी १९६६ मध्ये फ्रान्सला गेले. वाइन न पिणाऱ्या तरुणानं वाइन न सोडणाऱ्या देशात अडीच वर्षं दारं ठोठावायची. त्यांना फ्रेंच चांगलं आलं. २०१२ च्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या विरोधकानं ते फ्रेंच बोलतात, हे जाहिरातीत दोष म्हणून दाखवलं. जॉन हंट्समन तैवानमध्ये चिनी शिकले आणि पुढे बीजिंगला अमेरिकेचे राजदूत झाले. हार्वर्डचे क्लेटन क्रिस्टेनसेन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरियात होते, कोरियन अस्खलित बोलायचे. केंट गिल्बर्ट १९७१ मध्ये जपानला प्रचारक म्हणून आले, नंतर वकील होऊन पुन्हा आले आणि जपानी दूरदर्शनवर घरोघरी ओळखीचा चेहरा झाले. ही मोठ्या माणसांची नावं. बाकी हजारो जण युटात दातांचे डॉक्टर, शिक्षक, विमा एजंट होतात आणि तीस वर्षांनी एखाद्या जपानी हॉटेलात वाढपिणीशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलून बरोबरच्यांना चकित करतात. आणि काही वेळेआधीच परततात, तब्येतीमुळे, मन न लागल्यामुळे, विश्वास उडाल्यामुळे. त्यांच्याविषयी गावात हळू आवाजात बोललं जातं.

न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर २०११ पासून या मुलांवर एक विनोदी संगीत नाटक चालू आहे, युगांडात गेलेल्या दोन प्रचारकांचं. त्यात त्यांची यथेच्छ टर उडवली आहे. चर्चनं मोर्चा काढला नाही, बंदी मागितली नाही. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत पैसे देऊन आपल्या ग्रंथाची जाहिरात छापली. रोज दारात नाही ऐकून घेण्याची सवय असलेल्या समाजालाच हे सुचू शकतं. आपल्याकडे एखाद्या नाटकावरून काय काय होतं, ते आठवलं तर हेवा वाटतो.

तरी माझी मूळ अडचण जात नाही. दोन माणसं धर्माविषयी बोलायला बसली, तर दोघांचंही मत हलण्याची शक्यता असावी. इथे एकाचंच हलायचं असतं. मुलगा भाषा घेतो, चपला दाराबाहेर काढायला शिकतो, वाकून नमस्कार घालतो, भूकंपात टेबलाखाली शिरतो, कुणाच्या आजीच्या अंत्यविधीला जाऊन बसतो. जपानी घरातल्या बुत्सुदानपुढे, पितरांच्या त्या देव्हाऱ्यापुढे, तो थबकतही असेल, कारण त्याच्या पंथातही मेलेल्या पूर्वजांची नावं शोधून त्यांच्यासाठी विधी करतात. म्हणजे बोलायला जागा आहे. ती आजी त्याला मेलेल्यांविषयी काहीतरी सांगू शकेल, जे सॉल्ट लेक सिटीला ठाऊक नाही. पण तो जो धडा घेऊन आलाय, त्यात तिच्या बोलण्यासाठी जागा ठेवलेली नाही. तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, तिच्या उत्तराला मात्र प्रश्न नाही. टेलरनं आठ वर्षं त्या भाषेच्या पोटात घालवली. जपानी माणसाला काय कसं वाटतं हे त्याच्याइतकं थोड्या परक्यांना कळलं असेल. त्यानं आपल्या ग्रंथासाठी जपानी शब्द शोधले. जपान्यांच्या एखाद्या ग्रंथासाठी इंग्रजी शब्द शोधायला त्याला कुणी पाठवलं नव्हतं.

माझ्या दारात अशी जोडी आली तर मी आत बोलावीन. त्यांना पाणी देईन, चालत असेल तर कोकम सरबत. वाद घालणार नाही. अठराव्या वर्षी घर सोडून आलेल्या पोराशी वाद घालून जिंकण्यात काय मोठेपणा? मला एकच विचारायचं असेल: इथे आल्यापासून तुझं स्वतःचं कोणतं मत बदललं? नव्यानं आलेल्याला हे विचारण्यात अर्थ नाही, त्याचा अजून भाताशीच झगडा चालू असतो. विचारायला हवं ते ज्याचे पंधरा-सोळा महिने झालेत त्याला. त्याच्याकडे उत्तर असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण ते तो जोडीदारासमोर देणार नाही, आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा नियम पक्का आहे.